बंद शटरचा पंचनामा



ज्यांच्या स्मरणार्थ व्याख्यानमालेचे आजचे हे पुष्प गुंफले जात आहे, ते आयुष्यभर गल्ल्यावर बसलेले गृहस्थ होते. संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला, तेव्हा गल्ल्याबद्दलच बोलायचे असे मी ठरवले. करोनाच्या काळात छोट्या धंदेवाल्याला सरकारकडून काय मिळाले, काय मिळायला हवे होते आणि पुढच्या वेळेसाठी आतापासून काय करून ठेवता येईल, एवढाच माझा विषय. माझी सारी नोकरी नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली. त्यामुळे माझी नजर कर्जवाल्याची आहे. तरीही आज मी कर्जाच्या विरुद्ध आणि अनुदानाच्या बाजूने बोलणार आहे.

२०२१ सालातले राज्य सरकारचे दोन निर्णय शेजारी-शेजारी ठेवतो. पहिला एप्रिलमधला. दुसरी लाट उसळली होती. १३ एप्रिलच्या रात्री मुख्यमंत्र्यांनी 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध जाहीर केले आणि त्यासोबत ५,४७६ कोटींची मदतही. मोफत धान्य, मोफत शिवभोजन थाळी, नोंदणीकृत बांधकाम कामगारांना १,५०० रुपये, परवानाधारक रिक्षाचालकांना १,५०० रुपये, नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपये. त्या रात्री शटर खाली ओढायला लागलेल्या कापड दुकानदाराचे, सलूनवाल्याचे, खानावळवालीचे नाव त्या यादीत नव्हते.

दुसरा निर्णय ऑगस्टमधला. २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले होते. महाड, सांगली, कोल्हापूर सगळीकडे हाहाकार होता. राज्याने ११,५०० कोटींचा कार्यक्रम मंजूर केला. त्यातले तातडीच्या मदतीचे १,५०० कोटी. पूरग्रस्त दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार, टपरीवाल्याला त्याच हिशेबाने जास्तीत जास्त १० हजार. ही रक्कम परत करायची नव्हती. अनुदान होते ते. चिपळूणच्या बाजारपेठेत जे ओढवले ते पाहता ५० हजार काहीच नव्हेत, हेही खरे. पण सरकारने तत्त्व मान्य केले होते: दुकानदाराचे नुकसान झाले, तर त्याला उभे राहण्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून हात द्यायचा.

साल एकच, सरकार एकच, दुकानदारही बऱ्याच ठिकाणी तोच. दुकानात पाणी शिरले तर अनुदान, आणि सरकारी आदेशाने शटर बंद झाले तर काही नाही. असे का व्हावे? कोणाच्या मनात दुष्टपणा होता असे मला वाटत नाही. मला यात एक साधी कारकुनी गोष्ट दिसते. पुराचा पंचनामा होतो. तलाठी येतो, ग्रामसेवक येतो, भिंतीवर पाणी कुठवर चढले होते ते दिसते, भिजलेले ठाण दिसते, फुगलेली साखरेची पोती दिसतात. पंच सह्या करतात. बंद शटरमागे काहीच भिजत नाही. जे गेले ते न झालेले गिऱ्हाईक, न झालेली विक्री. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा कसा करायचा हे आपल्या महसुली व्यवस्थेला कोणी शिकवलेलेच नाही.

माझ्या घराजवळच्या एका सलूनचे उदाहरण सांगतो. तीन खुर्च्या, भाड्याचा गाळा, मालक स्वतः एका खुर्चीवर आणि दोन कारागीर टक्केवारीवर. २०२० च्या मार्चमध्ये कुलूप लागले ते जूनच्या अखेरीस निघाले. २८ जूनपासून राज्याने सलूनला परवानगी दिली, पण कशाला? केस कापायला, रंगवायला. दाढीला नाही, कारण वस्तरा थेट त्वचेला लागतो. आता सलूनचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली गोम कळेल. केस माणूस महिन्या-दीड महिन्याने कापतो. दाढीचे गिऱ्हाईक आठवड्यातून दोनदा येते, आणि रोजचा चहा, रोजची भाजी, कारागिराची उचल ही त्यावर निघते. दुकान उघडे, पण रोजचा पैसा बंद. वर टॉवेल एकदा वापरायचा, खुर्ची दर गिऱ्हाइकामागे पुसायची, हातमोजे घालायचे. खर्च वाढला, उत्पन्न घटले, आणि गाळ्याचे भाडे तीन महिन्यांचे तुंबलेले.

या गृहस्थांना कोणत्या योजनेतून काय मिळू शकत होते ते मी त्यांच्याच खुर्चीवर बसून एकेक तपासले आहे. मे २०२० मध्ये केंद्राने आत्मनिर्भर भारतच्या घोषणेत छोट्या उद्योगांसाठी तीन लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना आणली. तारण नको, हमी सरकारची, पहिले वर्ष मुद्दलाचा हप्ता नाही. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर योजना उत्तम बांधलेली होती. फक्त कर्ज किती मिळणार? २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या २० टक्के. आमच्या या गृहस्थांवर कर्जच नव्हते! वडिलांनी सांगून ठेवलेले, अंथरूण पाहून पाय पसरावे, म्हणून त्यांनी खुर्च्यासुद्धा एकेक करून रोखीने घेतलेल्या. शून्याचे २० टक्के शून्य. पथारीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी होती, पण हे गाळ्यातले, पथारीवाले नव्हेत. ते बांधकाम कामगार नव्हते आणि रिक्षाचालकही नव्हते. त्यांच्याकडे होती ती पिग्मी. रोज संध्याकाळी एजंट येऊन पन्नास-शंभर नेत असे, मुलीच्या शिक्षणासाठी. ती मोडली. त्यांचे अनुदान त्यांनी स्वतःच स्वतःला दिले, असे मी म्हणतो.

शेजारच्या कर्नाटकाने मे २०२० मध्ये नाभिक आणि धोबी बांधवांना प्रत्येकी ५,००० रुपये एकरकमी जाहीर केले होते. रक्कम मोठी नव्हती, पण त्या व्यवसायाचे नाव घेऊन राज्य बोलले. आपल्याकडे ते झाले नाही, याची खंत मला आजही आहे.

पतहमी योजनेला मी कमी लेखत नाही. ३१ मार्च २०२३ ला ती बंद झाली तोवर १ कोटी १९ लाख कर्जदारांना ३ लाख ६८ हजार कोटींच्या हम्या दिल्या गेल्या होत्या. अनेक कारखाने, अनेक खाती तिने वाचवली. मी हे आतून पाहिले आहे. पण या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीनुसार, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशात सहा कोटी तेहतीस लाखांहून जास्त सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग होते, त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक सूक्ष्म. सव्वासहा कोटींतल्या बहुतेकांना योजनेच्या दारातच अडवले गेले, कारण त्यांची बँकेत कर्जाची पानेच नव्हती. काटकसर हा त्यांचा दोष ठरला.

आणि ज्यांना कर्ज मिळाले त्यांचे काय? इथे माझे मुख्य म्हणणे येते. दुकान बंद ठेवायचा निर्णय दुकानदाराचा नव्हता. त्याच्या दुकानात रोग नव्हता. सगळ्यांच्या जिवाची काळजी म्हणून सगळ्यांच्या वतीने सरकारने ते बंद केले, आणि बरोबर केले. त्या बंदचा फायदा तुम्हाला, मला, साऱ्या गावाला झाला. मग त्याचा खर्च एकट्या दुकानदाराच्या खात्यावर का पडावा? कर्ज देण्याचा अर्थ असा, की तीन महिन्यांचे गाळाभाडे आज भर आणि पुढची चार वर्षे व्याजासकट फेड. सार्वजनिक हितासाठी केलेला खर्च अशा रीतीने एका कुटुंबाचे खासगी देणे होऊन बसला. धंदा वाढवायला कर्ज योग्य, कारण वाढलेल्या धंद्यातून ते फिटते. बंद महिन्यांच्या भाड्यातून पुढे काहीच उगवत नाही.

पीएम स्वनिधीबद्दलही हेच. १ जून २०२० ला सुरू झालेली ही योजना पथविक्रेत्याला सुरुवातीला दहा हजारांचे कर्ज देत होती, वेळेवर फेडले तर सात टक्के व्याज सवलत, पुढे वीस हजार, मग पन्नास हजार. अडुसष्ट लाखांवर पथविक्रेत्यांपर्यंत ती पोचली, आणि सावकाराच्या दारात उभे राहणाऱ्या माणसाला बँकेच्या खिडकीवर आणण्याचे मोठे काम तिने केले आहे. कायमची योजना म्हणून ती चालू राहावी असे मला मनापासून वाटते. २०२५ मध्ये पहिला हप्ता पंधरा हजारांचा करून तिला २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली, हेही चांगलेच झाले. पण महासाथीचा दिलासा म्हणून पाहिले तर काय दिसते? भाजीवालीची हातगाडी दोन महिने उभी होती, त्या दोन महिन्यांत भांडवल खाऊन संपले, आणि ते भांडवल तिला उसने दिले गेले.

हे मागणे कायद्याबाहेरचे आहे, असे कोणी म्हणेल म्हणून थोडे कायद्याबद्दल. साथरोग कायदा १८९७ चा. मुंबई-पुण्याच्या प्लेगमधून जन्मलेला, चार कलमांचा, अतिशय कडक. त्या काळच्या अंमलबजावणीचा इतिहास पुणेकरांना सांगायला नको. पण त्या परकीय सरकारच्या कायद्यातही दुसऱ्या कलमात अशी तरतूद आहे, की उपाययोजनांचा खर्च, त्यात काही नुकसानभरपाई द्यायची असल्यास तीही, कोणी आणि कशी सोसायची हे सरकारने ठरवावे. पुढे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. करोनाची टाळेबंदी त्याच्याच अधिकारात झाली. त्याचे बारावे कलम मदतीच्या किमान निकषांबद्दल आहे. त्यात मृत्यूबद्दलच्या सानुग्रह मदतीबरोबर घरांचे नुकसान आणि उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी मदत, असे स्पष्ट म्हटले आहे. याच कलमाच्या आधारे ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने करोनामृतांच्या वारसांना सानुग्रह मदतीचे निकष ठरवायला सांगितले आणि पुढे ५० हजार रुपये ठरले. एकाच उपकलमातला पहिला भाग न्यायालयाच्या दट्ट्याने जागा झाला. उपजीविकेचा भाग तसाच निजलेला राहिला.

आता परदेशात काय झाले ते पाहू, कारण आपल्याकडे 'हे शक्यच नव्हते' असे फार लवकर म्हटले जाते. जपानने विक्री एखाद्या महिन्यात निम्म्याहून खाली गेली, तर एकट्याने धंदा करणाऱ्याला दहा लाख येनपर्यंत आणि छोट्या-मध्यम कंपनीला वीस लाख येनपर्यंत परत न करायची रक्कम दिली. न झालेल्या विक्रीचा पंचनामा त्यांनी मागच्या वर्षीच्या विवरणपत्रावरून केला. ब्रिटनने आणखी सोपा मार्ग धरला. छोट्या जागांना स्थानिक करात सवलत देण्याची त्यांची जुनी यादी होती. त्या यादीतल्या धंद्यांना इंग्लंडमध्ये दहा हजार पौंड ठरले आणि वाटपाचे काम स्थानिक परिषदांकडे दिले.

अमेरिकेची गोष्ट मात्र जास्त वेळ घेऊन सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात शहाणपण आणि फजिती दोन्ही आहेत. २०२१ च्या मार्चमध्ये तिथल्या संसदेने उपाहारगृहांसाठी २८.६ अब्ज डॉलरचा वेगळा निधी केला. सूत्र सुटसुटीत: २०१९ ची विक्री वजा २०२० ची विक्री, त्यातून आधी मिळालेली मदत वजा. राहिला तो खड्डा, तो भरायचा. ३ मे रोजी अर्ज सुरू झाले. पहिले एकवीस दिवस महिला, माजी सैनिक आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागे राहिलेल्या मालकांना अग्रक्रम होता. तीन आठवड्यांत पावणेतीन लाखांवर अर्ज आले, मागणी ७२ अब्जांवर गेली आणि पैसे संपले. जेमतेम एक लाखाला मिळाले. अग्रक्रमाविरुद्ध काहीजण न्यायालयात गेले, अपील न्यायालयाने वंश आणि लिंगावर आधारलेला अग्रक्रम रोखला, आणि ज्यांना मंजुरीची पत्रे आधीच गेली होती अशा जवळपास तीन हजार मालकांची मंजुरी मागे घेतली गेली. मंजुरीच्या भरवशावर त्यांतल्या एखाद्याने कारागीर परत बोलावले असतील, थकलेले भाडे भरण्याचा शब्द दिला असेल, तर त्याची काय गत झाली असेल! निधीत पुढे भर पडावी म्हणून प्रयत्न झाले, ते फसले. एकाच रस्त्यावरची दोन उपाहारगृहे, एकाला सगळा खड्डा भरून मिळाला, दुसऱ्याला छदामही नाही. नुकसान मोजण्याचे सूत्र अचूक असूनही वाटप अन्यायाचे होऊ शकते. पैसे अपुरे असतील तर सगळ्यांना थोडे-थोडे द्यावे, आधी येईल त्याला सगळे देऊ नये.

अमेरिकेच्या त्याआधीच्या मोठ्या योजनेत, पगार चालू ठेवले तर माफ होणाऱ्या कर्जांत, जवळपास ८०० अब्ज डॉलर गेले. छोट्या उद्योगांचे खाते सांभाळणाऱ्या संघीय संस्थेच्या महानिरीक्षकांनी २०२३ मध्ये ही योजना आणि आपत्ती कर्जे मिळून २०० अब्जांहून अधिक रक्कम लबाडीची असू शकेल, असा अंदाज दिला. म्हणजे अनुदान दिले की सगळे छान होते, असे समजण्याचे कारण नाही. घाईत नोंदी तपासल्या जात नाहीत, आणि लबाडाला घाईच हवी असते. यावर उपाय एकच. नोंदी संकट येण्याआधी तयार असल्या पाहिजेत.

आणि आपली दुखरी नस इथेच आहे. शेतकऱ्याला पीएम किसानचे सहा हजार थेट खात्यात जातात, कारण त्याच्या नावावर सातबारा आहे. भूमिहीन शेतमजुराला जात नाहीत, तेही त्याच कारणाने. धंदेवाल्याचा सातबारा कुठे आहे? ४० लाखांच्या आत माल विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणीत दुकानदारांना जुलै २०२१ मध्ये परत घेतले, पण केवळ अग्रक्रमाच्या कर्जापुरते. इथेही पुन्हा कर्जच. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा म्हणतो. मुंबईत त्या वर्षी सर्वेक्षण झाले, जवळपास एक लाख अर्ज भरून आले, आणि रहिवास दाखल्यासारख्या अटींमुळे महापालिकेच्या हिशेबी पात्र ठरले ते सुमारे १५ हजार. मग 'नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपये' या वाक्यातला पहिला शब्द किती लोकांना बाहेर ठेवतो, ते तुम्हीच पाहा.

तरी निराश होऊ नये असे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. २०२० च्या मार्च ते ऑगस्टमध्ये कर्जाचे हप्ते थांबवण्याची सवलत होती, पण त्या काळातल्या व्याजावरही व्याज चढत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबरमध्ये केंद्राने ठरवले, की दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सरकार देईल. कर्जदाराने अर्ज करायचा नाही, कागद द्यायचा नाही. बँकांनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो फरक खात्यात जमा केला. रकमा लहान होत्या, काहींच्या खात्यात शंभर-दोनशे रुपयेच आले. पण परत न करायचा सरकारी पैसा, विनाअर्ज, थेट खात्यात, तोही काही दिवसांत. तसेच जनधन खात्यांतल्या सुमारे २० कोटी महिलांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये गेले. पाइप टाकलेला आहे, पाणीही वाहते. धंदेवाल्याच्या घरापर्यंत तेवढा जोडला नाही.

पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न रास्त आहे, आणि मी बँकेतला माणूस असल्याने तो टाळणार नाही. महाराष्ट्रात वर सांगितलेल्या पाहणीनुसार ४७ लाख ७८ हजार उद्योग होते. प्रत्येकाला सरसकट दहा हजार दिले असते, तर ४,७७८ कोटी लागले असते. सरसकट देण्याचीही गरज नव्हती. किराणा, औषधे, दूध यांची दुकाने उघडी होती. बंद पडलेल्यांपुरता हिशेब याहून खाली येतो. टाळेबंदीत राज्याचा महसूल आटला होता हे मी विसरत नाही. पण एप्रिल २०२१ ला ५,४७६ कोटी उभे करणाऱ्या राज्याला ही रक्कम कल्पनेबाहेरची नव्हती. केंद्राचा हात लागला असता तर अजिबातच नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीत पुनर्उभारणीसाठी ३० टक्के हिस्सा वेगळा काढून दिला होता. उपजीविकेची पुनर्उभारणी त्यात बसवायची की नाही, हा इच्छेचा प्रश्न होता.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. दुकान, गाळा, टपरी, हातगाडी यांची एकच नोंद महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीच्या पातळीवर असावी. मालकाचे नाव, धंद्याचा प्रकार, कामाला किती माणसे, बँक खाते, एवढेच तिच्यात असावे. करआकारणीसाठी तिचा वापर होणार नाही, हे कायद्यानेच लिहून द्यावे, नाहीतर लोक भीतीने नाव देणार नाहीत, आणि त्यांची भीती खोटी नाही. भाडेकरूची नोंद गाळामालकाच्या परवानगीवर अडू नये. बाराव्या कलमाखालचे निकष पुन्हा लिहून सरकारी आदेशाने बंद झालेल्या धंद्याचे नुकसान त्यात घालावे. दर महिन्याच्या बंदला गाळाभाडे आणि कारागिराची उचल भागेल एवढी ठरावीक रक्कम, व्यवसायाच्या प्रकारानुसार, आधीच जाहीर असावी. आदेश काढतानाच सरकारला त्याची किंमत समोर दिसेल. मग दाढी बंद ठेवायची की मुखपट्टी लावून चालू द्यायची, हा निर्णयही अधिक विचाराने होईल.

या सभागृहात नगरपालिकेचे आजी-माजी सदस्य बसलेले मला दिसत आहेत, व्यापारी संघाचे पदाधिकारीही आहेत. राज्य आणि केंद्र यांची वाट न पाहता पहिली मागणी, म्हणजे नोंदीचे काम, आपल्या गावापुरते सुरू करता येते. मुख्य रस्त्यापासून सुरुवात करू नका. मागच्या गल्ल्यांपासून करा. शिलाईमशीन दारात मांडून बसलेल्या बायका, सायकल दुरुस्तीवाले, जिन्याखालचे घड्याळजी, यांची नावे आधी घ्या. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांची पाटी कोणालाही वाचता येते.